मिलच्या तलाईचे हुमडीवाले काका

चहाचा शेवटचा घोट ते कधी प्यायचे नाहीत. रस्त्यावर, कुणाच्या अंगणात, एकदा तर आमच्या बैठकीच्या कोऱ्या फरशीवर उकिडवे बसून त्यांनी कपातला तो घोट हळूच ओतला आणि ओघळ कुठे जातो ते पाहत राहिले. ओघळ थांबला तशी मान हलवली.

"सरजी, तुमच्या बैठकीचा उतार किचनकडे आहे. मिस्त्रीने फसवलं तुम्हाला."

फरशी बसवून चार दिवस झाले होते. माझ्या बायकोने फडकं आणून त्यांच्या पुढ्यात ठेवलं. त्यांनी फरशी पुसून दिली, फडकं पिळून वाळत घातलं आणि निघून गेले. त्यानंतर ते चहाला आले की बायको त्यांना कप पाऊणच भरून द्यायची. पाऊण कपातलाही शेवटचा घोट ते राखून ठेवायचे, हा भाग वेगळा.

तुमच्या गल्लीतही असा एखादा माणूस असेल. सगळे त्याला थोडं हसतात आणि काही बिघडलं की आधी त्याच्याकडेच जातात. आमच्या गल्लीत ते होते.

त्यांचं खरं नाव रेशनकार्डावर होतं, आणि बहुधा तिथेच राहिलं. आम्ही त्यांना हुमडीवाले काका म्हणायचो. आमच्या गल्लीच्या वरच्या अंगाला कापडाची मिल होती. कताईच्या खात्यात हवा कोरडी झाली की धागा तुटतो, म्हणून तिथली हवा पाण्याचे फवारे सोडून ओलसर ठेवावी लागते. हे काम करणारं एक खातं असायचं, ह्युमिडिटी नावाचं. मजुरांच्या तोंडी त्याचं हुमडी झालं आणि काका त्या हुमडीत तरुणपणापासून होते. पंप, फवारे, पंखे, आणि भिंतीवर दोन थर्मामीटर, एक कोरडा आणि एक ओला. ओल्याच्या टोकाला सुती वात बांधलेली, ती पाण्यात बुडलेली. दोघांतलं अंतर वाचायचं, ते जितकं कमी तितकी हवा ओलसर, आणि त्यावरून पाणी कमीजास्त करायचं. एवढंच काम, पण काका ते असं सांगायचे की ऐकणाऱ्याला वाटावं, देशाला कापड हेच पुरवतात.

त्यांचे वडील महूला पलटणीत होते. वडिलांची शिस्त काकांच्या अंगात उतरली होती, फक्त बुटांच्या जागी रबरी चपला आल्या होत्या. खाकी पँट घोट्याच्या वर दोन घड्या दुमडलेली, शर्टाच्या खिशात पेन्सिल आणि कानात कापसाचा बोळा. पंख्यांच्या आवाजापायी बोळा घालायची सवय लागली होती, ती मिल बंद झाल्यावरही गेली नाही.

मिल बंद झाली ती नव्वदीच्या सुरुवातीला. एकामागून एक शहरातल्या सगळ्याच मिला बंद पडत होत्या. आमचीही अशीच एका आठवड्यात गेली. ज्या सकाळी भोंगा वाजला नाही त्या सकाळी आमच्या गल्लीत चार घरांतलं दूध उतू गेलं. सगळ्यांचं घड्याळ तो भोंगाच होता. माणसं दाराशी येऊन उगाच वर मिलकडे बघत उभी राहिली.

काका मात्र सात वाजता डबा घेऊन निघाले.

"कुठे काका?"

"ड्यूटी."

"मिल तर बंद झाली ना?"

"मिल बंद झाली. तलाई कुठे बंद झालीय?"

ती तलाई म्हणजे मिलच्या भिंतीला लागून असलेला तलाव. वरच्या सगळ्या उताराचं पावसाचं पाणी त्यात यायचं आणि मिल वर्षभर ते वापरायची. तलाईच्या पाळीला एक लोखंडी गेट होतं. ते उघडलं की पाणी पाइपातून गल्लीच्या टोकाच्या नाल्यात जायचं. मिलला सील लावायला आलेल्या लोकांनी सुईपासून बॉयलरपर्यंत सगळं लिहून घेतलं, पण गेट भिंतीच्या बाहेर असल्यामुळे यादीत आलंच नाही. त्याच्या चाकाला लावायची हातभर लांब चावी काकांकडे होती, ती काकांकडेच राहिली. कुणी मागितली नाही.

उन्हाळ्यात ते कूलर दुरुस्त करायचे. हुमडीचा माणूस, त्याला कूलर म्हणजे खेळणं. आमच्या भागातला प्रत्येक कूलर त्यांच्या हाताखालून गेलेला. पण पाऊस सुरू झाला की कूलर माळ्यावर आणि काका तलाईवर. दुपारी पाळीवर बसून डबा उघडायचे. घर शंभर पावलांवर होतं. मी एकदा विचारलं, घरी जाऊन गरम का नाही जेवत. म्हणाले, "घरी जेवलो तर तुमची काकू म्हणेल नवरा रिकामा आहे. डबा उघडून जेवला की कामावर आहे."

मी राजवाड्याजवळच्या एका शाळेत गणित शिकवायचो. आमचे पूर्वज संस्थानाच्या घोडदळात होते असं घरात सांगतात. त्याचा पुरावा म्हणून तलवारीची नुसती मूठ शिल्लक आहे, पातं कुठे गेलं कुणाला माहीत नाही. गल्लीच्या समितीचं सचिवपद माझ्याकडे आलं ते माझं अक्षर चांगलं म्हणून. त्यामुळे गल्लीत पाणी भरलं की लोक माझ्या दाराशी यायचे, आणि मिल बंद झाल्यानंतर पाणी दर वर्षी भरायला लागलं.

याचं कारण मला काकांनी समजावलं. पाळीवर बसून, काडीने मातीत रेघा ओढून.

"मिल रोज पाणी प्यायची, सरजी. म्हणून तलाईत जागा राहायची. आता पिणारं कोणी नाही. जुलैतच तलाई काठोकाठ भरते. मग मोठा पाऊस आला की ते पाणी कुठे बसणार? पाळीवरून आपल्या गल्लीत. आणि वरच्या कॉलनीत बघा, सगळ्यांनी आंगणं सिमेंटची केली. गाडी उभी करायला. पहिले पाऊस मातीत जात होता, आता एका मिनिटात खाली."

मी त्यांना सांगितलं नाही की माझंही अंगण मी त्याच वर्षी फरशीचं केलं होतं. त्यांना ते माहीत होतं. ते वर पाहत राहिले, एवढंच.

त्यांचा उपाय साधा होता. पाऊस यायच्या आधी तलाई दोन हात खाली करून ठेवायची. पाऊस आला की गेट बंद. पाणी तलाईत बसेल. नाल्याचा जोर ओसरला की हळूहळू सोडायचं. "बसू द्या त्याला," हे त्यांचं पालुपद होतं. "पाणी घाईत असतं, आपण घाई करायची नाही. बसू द्या."

आता पाऊस कधी येणार हे कसं कळायचं? काकांनी मिलमधले ते दोन थर्मामीटर आपल्या ओसरीत टांगले होते. ओला आणि कोरडा जवळ आले की ते गल्लीच्या तोंडाशी नव्याने निघालेल्या एसटीडी बूथवर जायचे आणि मानपुरला फोन लावायचे. तिथे आग्रा-मुंबई रस्त्यावर त्यांच्या जावयाचं चहाचं दुकान होतं. आमच्याकडचा मोठा पाऊस बहुतेक त्याच बाजूने येतो. मानपुरात सुरू झाला की दोन-तीन तासांत आमच्याकडे.

बूथवाला सांगायचा, काकांचा फोन सगळ्यात छोटा असतो.

"आभाळ कसं आहे? हवा कुठून आहे? बराबर. ठेवतो."

जावई लग्नाकार्यात भेटला की तक्रार करायचा, "पापाजींनी आजपर्यंत कधी विचारलं नाही की मी कसा आहे. ढग कसे आहेत तेच विचारतात."

पहिली दोन वर्षं हे ठीक चाललं. त्यांनी गेट उघडलं, पाऊस आला, गल्लीत घोट्यापर्यंत पाणी आलं आणि गेलं. मग एका वर्षी त्यांचा अंदाज चुकला.

ऑगस्टमध्ये त्यांनी तलाई दोन हातांहून जरा जास्तच खाली केली. आभाळ दाटून आलं होतं, मानपुरला चांगला पाऊस पडत होता. पण तो आमच्याकडे पोचलाच नाही. त्यानंतर दहा-बारा दिवस कडक ऊन. गल्लीत एक हातपंप होता आणि त्याला तलाईतून झिरपणारं पाणी मिळायचं. हातपंप खरखरायला लागला. सगळ्यात आधी सुमनताई आल्या. त्यांचं घर हातपंपासमोर, आणि त्यांचा आवाज गल्लीच्या दोन्ही टोकांना पोचणारा.

"सरजी, ही मिलची ड्यूटी आहे की आमच्यावर प्रयोग आहे? तुम्ही सचिव आहात, काही बोला ना त्यांना."

माझ्या ओट्यावर बैठक झाली. काका एका कडेला उभे होते, कानातला बोळा काढून हातात धरलेला, म्हणजे नीट ऐकू यावं. कुणी म्हणालं, म्हातारा झाला. कुणी म्हणालं, मिल गेल्यापासून डोक्यावर परिणाम झालाय. हे त्यांच्या समोर बोलले. मी ते थांबवू शकलो असतो. थांबवलं नाही. उलट मीच म्हणालो, "काका, चावी समितीकडे राहू द्या. विचार करून ठरवत जाऊ."

ते घरी गेले, चावी घेऊन आले. जुन्या साडीच्या फडक्यात गुंडाळलेली.

"आठ दिवसांनी चाकाला तेल द्या, सरजी. नाहीतर अडकतं."

मी चावी कपाटात ठेवली, कंपास आणि उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्याशेजारी. तेल द्यायचं माझ्या लक्षात राहिलं नाही.

नंतर रिमझिम लागली. चार-पाच दिवस, त्रास न देणारी. हातपंप भरून आला, सुमनताई खूश झाल्या आणि तलाई काठोकाठ झाली. तिच्याकडे कुणी बघत नव्हतं. काका बघत होते, पण त्यांच्याकडे चावी नव्हती.

एका सकाळी मी लूना काढत होतो तेव्हा ते आले.

"सरजी, ओला-कोरडा एक झालाय. जावई म्हणतो, मानपुरला पहाटेपासून झोडपतोय. अभी सोडू दोन हात. नाला रिकामा आहे अजून."

मला उशीर झाला होता. पहिला तास दहावीचा होता. आणि खरं सांगायचं तर बैठकीत इतकं बोलून झाल्यावर पुन्हा त्यांच्याच शब्दावर गेट उघडायचं, हे मला जड जात होतं. मी म्हणालो, "संध्याकाळी सगळ्यांना विचारून बघू."

"संध्याकाळी," ते म्हणाले.

साडेदहाला पाऊस आला. वर्गात फळ्यावरचं दिसेना, पत्र्यावर असा आवाज की मुलांना प्रमेय ओरडून सांगावं लागत होतं. बाराला शाळा सोडली. बडा गणपतीच्या देवळापाशी लूना बंद पडली, पाणी गुडघ्यावर होतं. मी ती ढकलत निघालो. घरी पोचायला तीन वाजले.

गल्ली ओळखू येत नव्हती. तलाईचं पाणी पाळीवरून सरळ खाली येत होतं. माझ्या ओट्याच्या वरच्या पायरीला पाणी लागलेलं, आणि खाली जसजसा उतार तसतसं खोल. शेवटी कमरेपर्यंत. सगळ्यात खालचं घर काकांचं होतं. त्याची खिडकी अर्धी दिसत होती.

पण गल्लीत माणूस नव्हतं. सगळे गल्लीतल्या बुद्धविहाराच्या वरच्या मजल्यावर होते. काकांनी दहा वाजल्यापासून दारोदार जाऊन त्यांना तिथे नेलं होतं, पाऊस यायच्या आधी. काही जण हसले होते. ज्यांनी ऐकलं नाही त्यांना पाणी आल्यावर हात धरून नेलं. सुमनताईंच्या आजारी सासूला त्यांनी खुर्चीसकट उचलून नेलं होतं. माझी बायको तिथे स्टोव्हवर चहा करत होती. तिने मला वरून पाहिलं आणि विचारलं, "चावी कुठे आहे?"

मी घरात शिरलो, कपाटातून चावी काढली आणि काकांना शोधत, पाण्यातून वाट काढत नाल्याकडे गेलो. काका नाल्याच्या काठावर कडुलिंबाला हात टेकून उभे होते. अंगावर सुका धागा नव्हता. नाला पुलाच्या दगडांना घासून जात होता.

"काका, उघडतो मी."

त्यांनी माझं मनगट धरलं.

"नको."

"अहो, तुमचं घर बुडालंय. गेट उघडलं तर गल्लीतलं पाणी उतरेल."

"उतरेल. आणि जाईल कुठे?" त्यांनी खाली बोट दाखवलं. नाल्याच्या वळणावर झोपड्यांची बस्ती होती. पत्रे दिसत होते, पत्र्यांवर बसलेली माणसं दिसत होती. "तिथे कमरेला आहे. आपण सोडलं तर छातीला जाईल. आपल्याकडे विहाराला वरचा मजला आहे. त्यांच्याकडे कुठे आहे?"

"पण तुमचं घर..."

"घर भिजलं ते भिजलं, सरजी. आता दोन तासांत काय जास्त भिजणार. बसू द्या."

आम्ही तिथे उभे राहिलो. मी गणिताचा माणूस, हिशेब माझ्या डोक्यात सरळ होता. सकाळी पाच मिनिटं काढली असती तर तलाई दोन हात खाली असती. मी काही तरी बोलायचा प्रयत्न केला. माफी असं काहीतरी. त्यांनी ऐकलं की नाही कळलं नाही, कानात बोळा होता. ते पुलाच्या एका दगडाकडे बघत होते. पाऊस थांबला होता. पाणी त्या दगडाच्या खाली उतरायला साडेपाच वाजले.

"आता," ते म्हणाले. "आठ फेरे. नववा नको."

आम्ही तलाईच्या पाळीवर आलो. मी गेटच्या चाकाला चावी बसवली आणि जोर लावला. चाक हललं नाही. आम्ही दोघांनी जोर लावला. तरी नाही. काकांनी चाकावर बोट फिरवलं, बोटाला आलेला गंज बघितला, मग माझ्याकडे बघितलं.

"आठ दिवसांनी तेल," ते म्हणाले.

त्या सगळ्या प्रकरणात ते मला एवढंच लागेल असं बोलले. आजही मला ते पुरतं.

तेल सुमनताईंनी आणलं. खोबरेल, डोक्याला लावायची अख्खी बाटली. काकांनी ती चाकावर रिकामी केली. सुमनताई म्हणाल्या, "घ्या काका, अजून आहे घरी." मग आठवलं असावं की घरात पाणी आहे, कारण त्यांनी सरळ चाकालाच हात घातला. चाक फिरलं. आठ फेरे. पाळीवरून येणारी धार बारीक झाली आणि अंधार पडायच्या आत थांबली.

काकांच्या घरात गव्हाची कोठी भिजली, गाद्या गेल्या आणि वडिलांचा पलटणीतला फोटो काचेला चिकटला. तो त्यांनी आठ दिवस कूलरच्या पंख्यासमोर ठेवून वाळवला. वडिलांचा चेहरा वाचला, एक कान गेला. काकू म्हणायच्या, बरं झालं, आता बापलेक सारखे दिसतात, ऐकूनच घेत नाहीत कुणाचं.

मी चावी परत द्यायला गेलो. त्यांनी घेतली नाही. विहाराच्या दाराआड एक खिळा ठोकला आणि तिथे टांगली. "एकाच्या कपाटात नको. माझ्याही नको. मी पण चुकतोच ना."

त्या हिवाळ्यात त्यांनी दोन गोष्टी केल्या. मिलमधल्या एका जुन्या फिटरला घेऊन पाइपाच्या नाल्याकडच्या तोंडाला लोखंडी झापड बसवलं. झापडाला दांडी, दांडीच्या टोकाला डांबराचा रिकामा ड्रम. नाला चढला की ड्रम तरंगून वर येणार आणि झापड बंद होणार. नाला उतरला की ते आपोआप उघडणार. गल्लीतले सगळे बघायला जमले तेव्हा त्यांनी समजावलं, "तुमच्या टाकीतला बॉलकॉक आहे ना, तोच. जरा खाऊनपिऊन मोठा झालेला. आता मी नसलो, सरजी शाळेत असले, तरी बस्तीवर पाणी जाणार नाही." मग थोडं थांबून म्हणाले, "पण पाऊस यायच्या पहिले गेट उघडायचं, ते ड्रमला नाही कळत. ते आपल्याला कळायला पाहिजे."

दुसरी गोष्ट खड्ड्यांची. माळव्याची काळी माती पहिलं पाणी पिते, फुगते आणि मग तोंड मिटून घेते. वरून कितीही पडो, आत जात नाही. तिच्या खाली मुरूम आहे, तो हवं तेवढं पाणी घेतो. काकांचं म्हणणं, प्रत्येक घरासमोर मुरूम लागेपर्यंत खड्डा खणायचा, तळाशी विटांचे तुकडे, वर वाळू, त्यावर थोडी माती आणि त्यात खस, म्हणजे वाळ्याचं गवत, लावायचा. खसाची मुळं खोल जातात आणि पाण्याला वाट ठेवतात. कूलरच्या जाळ्यांना खसच लागतो, त्यामुळे रोपं कुठून आणायची ते त्यांना माहीत होतं.

पहिला खड्डा मी माझ्या अंगणात करायला सांगितला. तिथल्या फरशीच्या सहा लाद्या उखडल्या. बायको दारात उभी राहून बघत होती. ती म्हणाली, "उतार किचनकडे असलेली फरशी आधी उखडली असती तर बरं झालं असतं." काका म्हणाले, "ती पण उखडून देतो." तिने त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा पूर्ण कप चहा दिला.

सुमनताईंचा विरोध डासांवरून होता. खड्डा म्हणजे डबकं, डबकं म्हणजे मलेरिया. काकांनी त्यांच्याच हातात बादली दिली. "ओता. आणि बसा इथे." सुमनताईंनी एकामागून एक बादल्या ओतल्या, पदराने घाम पुसला आणि घड्याळाकडे बघत बसल्या. चहा उकळेपर्यंत खड्डा कोरडा. त्या म्हणाल्या, "अजून एकदा बघते." तिसऱ्यांदा बघून झाल्यावर त्यांनी आपल्या दारापुढे दोन खड्डे करून घेतले आणि पाहुणे आले की आधी ते दाखवायला लागल्या. त्यांचा खस गल्लीत सगळ्यात दाट होता. हातपंपही आता भर उन्हाळ्यातसुद्धा खरखरत नव्हता.

त्यानंतर तसाच मोठा पाऊस दोनदा आला. दोन्ही वेळा आमच्या चपला भिजल्या, इतकंच.

मग मिलची जमीन विकली गेली. वर घरांच्या रांगा उठणार होत्या आणि नकाशात तलाई नव्हतीच. आम्ही अर्ज लिहिला, अर्थात माझ्या अक्षरात, आणि नवीन मालकाच्या ऑफिसात गेलो. काका इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. त्यांनी भाषण केलं नाही. नकाशा बघितला, पेन्सिलने एक रेघ ओढली आणि म्हणाले, "तलाई बुजवली तर हे पाणी पहिले तुमच्या या नवीन घरांत बसेल, साहेब. आमच्याकडे नंतर येईल." साहेबांनी चष्मा काढला, पुन्हा घातला. अनेक चकरांनंतर अर्धी तलाई राहिली. बाहेर आल्यावर मी चिडलो होतो. काका म्हणाले, "अर्धी तर अर्धी. दोन हातांच्या जागी तीन हात खाली ठेवू."

कापसाची धूळ त्यांच्या छातीत कधीपासून बसली होती. जिना चढताना ते थांबायला लागले, मग सपाट रस्त्यावरही. काकू गेल्यावर मुलीने त्यांना मानपुरला नेलं. जाताना त्यांनी थर्मामीटर माझ्या ओसरीत टांगले आणि ओल्याची वात कशी बदलायची ते दोनदा दाखवलं. सुमनताईंनी त्यांना खसाचं एक रोप दिलं. "मानपुरला काळी माती कमी आहे," असं काहीतरी म्हणत काकांनी ते पिशवीत ठेवलं.

तोवर आमच्याकडे फोन आला होता. पावसाळ्यात तो वाजायचा.

"सरजी, इथे सुरू झाला. हवा तुमच्याकडेच आहे. तीन हात. बराबर."

आणि ठेवून द्यायचे. बायको म्हणायची, "अहो, तब्येत तरी विचारा." मी तब्येत म्हणेपर्यंत तिकडे फोन खाली गेलेला असायचा.

मी एकदा भेटायला गेलो. दुकानाबाहेर खाटेवर बसले होते, पाठीला दोन उशा. रस्त्यावरून ट्रक जात होते. मला बसायला सांगून ते ट्रकच बघत राहिले.

"मुंबईकडून घाट चढून येतात ना, त्यांची ताडपत्री बघतो," म्हणाले. "ओली आहे की सुकी. ओली असली तर किती ओली. नुसती वर ओली की दोऱ्यासुद्धा. दोऱ्या टपकत असल्या की तुम्हाला फोन." बोलताना प्रत्येक वाक्याला श्वास घ्यावा लागत होता. पण चेहरा पाळीवर डबा उघडून बसायचे तेव्हाचाच होता. जावई चहा घेऊन आला. मी त्याला विचारलं, तू कसा आहेस. तो इतका खूश झाला की त्याने मला भजी आणून दिली.

निघताना मी ते बोललो, जे नाल्याच्या काठावर बोलायचं राहिलं होतं. त्या सकाळी माझं चुकलं, असं. त्यांनी या वेळी ऐकलं.

"तेल देता ना आता?"

"देतो."

"मग झालं."

त्याच हिवाळ्यात ते गेले. फोन जावयाने केला. तोही थोडक्यातच बोलला.

पुढच्या वर्षी जुलैमध्ये एका दुपारी ओसरीतले दोन्ही थर्मामीटर एका रेघेवर आले. मी जरा वेळ फोनजवळ बसलो. मग मीच मानपुरला लावला. जावई म्हणाला, "हओ सरजी, इथे तर सुरू आहे." मी विहारात गेलो तर खिळ्यावर चावी नव्हती. तलाईवर पोचलो. सुमनताई छत्री घेऊन उभ्या होत्या, चावी त्यांच्या हातात. विहारातले एक गृहस्थ तेलाची बाटली घेऊन आले होते. नव्या घरांतली एक बाई, जिने काकांना कधी पाहिलंही नव्हतं, ती गॅलरीतून उतरून आली होती.

"किती सोडायचं?" सुमनताईंनी मला विचारलं.

"तीन हात."

"पण आधीच दीड हात खाली आहे. मग दीड सोडायचं का? की हवा बघून तीन म्हणायचे ते?"

मला माहीत नव्हतं. कुणालाच माहीत नव्हतं. आम्ही चौघं पाण्याकडे बघत थोडा वेळ वाद घालत राहिलो, मग दोन हात सोडायचं ठरवलं आणि चाक फिरवलं. ते सहज फिरलं. पाऊस तासाभराने आला आणि तलाई वरून एक वीत रिकामी राहिली. म्हणजे थोडं जास्त सोडलं असणार, किंवा बरोबर सोडलं असणार. कोणतं ते सांगायला कोणी नव्हतं.